पाव फेरा मागे

अर्जात एकूण चौतीस प्रश्न होते आणि प्रत्येकासमोर हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं. दमा आहे का, कान दुखतात का, चक्कर येते का, मागच्या पाच वर्षांत ऑपरेशन झालं का. चावीबाईने चौतीसही ठिकाणी 'नाही' लिहिलं आणि अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. काळजी करता का, असा प्रश्न कुठेच नव्हता. असता तर कोर्स तिथेच संपला असता आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता.

चावीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, ऑक्सिजनच्या खोलीत, तिने एकतीस वर्षं नोकरी केली होती. भिंतीला साखळ्यांनी बांधलेली माणसाएवढी सिलिंडरं, त्यांच्या डोक्यावर व्हॉल्व्ह, समोर दाब दाखवणारे काटे, आणि ते व्हॉल्व्ह फिरवायची पितळी चावी तिच्या गळ्यात दोरीला. वरच्या चार मजल्यांवर कोणाला श्वास कमी पडू नये, एवढंच तिचं काम. एकतीस वर्षांत 'बाई, वर हवा येत नाही' असा फोन एकदाही आला नाही. ती हे कोणाला सांगत नसे, पण तिच्या चालण्यातच ते दिसायचं. निवृत्त झाली त्या दिवशी चावी परत केली. गळ्याभोवतीचा दोरीचा वळ मात्र गेला नाही आणि हाताची सवयही.

सवय म्हणजे तपासायची. निघताना गॅस, नळ, खिडक्या, कुलूप. कुलूप तीनदा. नवरा म्हणायचा, "आपल्या कुलपालाच आता वाटत असेल, बाई, झालंय गं लावून, जा एकदाची." एकदा तर लेकीच्या परीक्षेला निघालेली टॅक्सी तिने अर्ध्या वाटेवरून मागे फिरवली होती. गॅस बंदच होता. लेक परीक्षेच्या खोलीत धापा टाकत शिरली तेव्हा शिपाई दार लावत होता. त्यावर मायलेकी कधी बोलल्या नाहीत, पण विसरलंही कोणी नव्हतं.

ही लेक, घरातली बिट्टी, आता सव्वीस वर्षांची इंजिनिअर होती आणि तिला नोकरी लागली होती ती भलतीच. पुलांचे आणि धक्क्यांचे खांब पाण्याखाली जाऊन तपासायचे, तडा कुठे गेलाय, गंज कुठे चढलाय ते लिहून आणायचं. त्यासाठी आधी पाणबुड्याचं शिक्षण हवं, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे हा नवशिक्यांचा कोर्स. तो पास झाल्याशिवाय पुढचं काहीच नाही.

"तुझ्यावरच गेलीय," नवरा म्हणाला. "तू फुकट तपासतेस, ती पगार घेऊन तपासणार."

चावीबाईला हसू आलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. तिच्या मनाने त्या रात्रीत लेकीला सात वेगवेगळ्या प्रकारांनी बुडवलं. सकाळी ती म्हणाली, "मीही येते कोर्सला."

बिट्टी दात घासत होती. ती तशीच, फेसाच्या तोंडाने, आईकडे बघत राहिली.

"लहानपणी नदीत पोहायला शिकलेय मी. आणि सिलिंडरमधलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

लेकीने चूळ भरली. तिने वाद घातला नाही. आई घरी बसली तर दर तासाला फोन करणार, हे तिला ठाऊक होतं. "ये," ती म्हणाली. "तिथे प्रत्येकाला एक जोडीदार असतो, एकमेकांवर लक्ष ठेवायला. मी तुझी होते. पण एक अट. पाण्यात जायच्या आधी एकमेकींचं सामान तपासायचं असतं. ते एकदा तपासून झालं की परत हात लावायचा नाही. लावलास तर मी दुसरा जोडीदार घेईन. रागाने नाही म्हणत, पण खरंच घेईन."

"बरं," चावीबाई म्हणाली. हा 'बरं' तिला फार महागात पडणार होता.

कोर्सची खोली म्हणजे तरणतलावाच्या मागची एक लांबट शेडच होती. भिंतीवर काळे रबरी पोशाख टांगलेले, त्यांच्यातून पाणी ठिबकतंय, आणि सगळीकडे ओल्या रबराचा वास. शिकवणारे मास्तर बुटके, सावकाश बोलणारे, एक वाक्य संपलं की दुसऱ्याला वेळ देणारे. या दोघींशिवाय आणखी एकच विद्यार्थी होता, एक दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणणारा हा माणूस स्वतः तोंडात रबरी तुकडा धरायला तयार नव्हता. त्याला उमासे यायचे.

पहिल्याच दिवशी मास्तरांशी चावीबाईचं वाजलं. मास्तर सांगत होते, "सिलिंडरचा नॉब पूर्ण उघडायचा. थांबेल तिथपर्यंत. बस."

"आणि पाव फेरा मागे," चावीबाई म्हणाली.

"नाही. मागे काही नाही."

"अहो, पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेतला नाही तर व्हॉल्व्ह जाम होतो. एकतीस वर्षं तेच केलंय मी."

मास्तर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "आम्हीही आधी तसंच शिकलो होतो, बाई. मग ते सोडलं. पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही ठेवायचंच नाही. मधलं ठेवलं की माणसाला वर कळत नाही, खाली गेल्यावर कळतं. आणि दुसऱ्याच्या नॉबला त्याला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही."

चावीबाईने वहीत लिहून घेतलं, पण मनातून नाही. या माणसाने जेवढी सिलिंडरं पाहिली असतील तेवढी मी एका महिन्यात बदललीत, असं तिला वाटलं. बिट्टी बाजूला बसून आईची वही बघत होती. तिने आपल्या पेन्सिलने त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

तलावात चावीबाईची खरी परीक्षा होती ती मास्कची. गुडघ्यांवर तळाशी बसायचं, डोळ्यांवरचा मास्क काढून हातात घ्यायचा, परत घालायचा आणि नाकाने जोरात फुंकून आतलं पाणी बाहेर काढायचं. सांगायला सोपं. मास्क निघाला की पाणी नाकाशी येतं आणि डोकं म्हणतं, पळ. पहिल्यांदा ती पळालीच. दीड मीटर खोल पाण्यातून थेट उभी राहिली, खोकत, नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तर मास्कला हात लावायच्या आधीच. दातवाले डॉक्टर काठावरून म्हणाले, "ताई, भूल देऊ का?"

मास्तरांनी अंगठा वर केला तर ती पाण्याखाली खूश होऊन मान डोलवायची, शाबासकी मिळाली म्हणून. तिथे अंगठा वर म्हणजे 'वर चला' आणि ठीक असल्याची खूण वेगळी, बोटाचं गोल कडं, हे लक्षात यायला तिला दोन दिवस लागले. त्यावर बिट्टी पाण्याखालीच इतकी हसली की तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. तिने ते एका फुंकरीत काढलं. चावीबाईने ते पाहिलं आणि तिला लेकीचा अभिमानही वाटला आणि हेवाही.

अकराव्या प्रयत्नाला मास्क काढून घालणं जमलं. जमलं म्हणजे कसंबसं. मास्तरांनी वहीत खूण केली आणि म्हणाले, "भीती गेली पाहिजे असं काही नाही, बाई. भीती असताना क्रम आठवला पाहिजे. आधी श्वास, मग विचार, मग हात." चावीबाईला वाटलं, आपल्याकडे हा क्रम जन्मापासून उलटा आहे. आधी हात.

समुद्रातल्या एकूण चार बुड्या होत्या, दोन दिवसांत. पहिल्या दिवसाच्या दोन नीट पार पडल्या. चावीबाईला खालचं काहीच दिसलं नाही, कारण ती सगळा वेळ लेकीच्या काट्याकडे बघत होती. माशांचा एक अख्खा थवा तिच्या नाकासमोरून गेला, तो तिला वर आल्यावर इतरांकडून कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर दोघींनी एकमेकींचं सामान रीतीने तपासलं. जॅकेटात हवा भरते का, पट्टे घट्ट आहेत का, नॉब पूर्ण उघडा आहे का, तोंडातल्या नळीतून श्वास घेताना काटा स्थिर आहे का. बिट्टी मोठ्याने म्हणायची, आई मान डोलवायची. सगळं ठीक. मग बोट बोयाच्या, म्हणजे बुडीची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपाच्या, दिशेने निघाली. वारा सुटला होता, बोट हलत होती, आणि मास्तर म्हणाले, "आज बारा मीटर."

बारा. काल सहा होतं. बारा मीटर म्हणजे हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून तिचं तळघर.

बिट्टी तिच्या उजव्या हाताला बसली होती, वाकून पायांत पंख चढवत. इंजिनाचा आवाज एवढा होता की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. लेकीच्या पाठीवरचं सिलिंडर चावीबाईच्या खांद्याला लागत होतं. तिचे हात शिवशिवायला लागले. एकदा. फक्त एकदाच बघते, हलवून. उघडाच असेल, मग काही बिघडत नाही. आणि नसला तर? नसला तर कोण बघणार आहे?

जित्याची खोड. तिने सिलिंडरच्या मागून हात घातला आणि पलीकडच्या बाजूचा नॉब धरला. उघडायच्या दिशेने फिरवला.

तो फिरला.

पूर्ण उघडा असता तर जागचा हललाच नसता! आणखी फिरवला, आणखी फिरला. दोन फेरे, तीन. बाई गं, जवळजवळ बंदच होता की! सगळ्यांनी तपासला, लेकीने तपासला, आणि बंद राहिला! नॉब थांबला तिथे तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग हाताने आपणहून, एकतीस वर्षांच्या शिस्तीने, तो पाव फेरा मागे घेतला.

बिट्टीला काही जाणवलं नाही. चावीबाई सरळ बसली. तिला लेकीला सांगावंसं वाटलं, बघ, मी नसते तर? पण अट होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाण्यात पडल्यावर सगळे बोयाच्या दोरीला धरून हळूहळू खाली निघाले. मास्तर पुढे डॉक्टरांजवळ, कारण डॉक्टरांचे कान दुखत होते. त्यांच्या मागे चार हातांवर मायलेकी. चार मीटर, सहा मीटर, आठ मीटर. पाणी हिरवं होतं आणि फार दूरचं दिसत नव्हतं. चावीबाई मोजून श्वास घेत होती. स्वतःच्या श्वासाचा आवाज कानात घुमत होता, लोहाराच्या भात्यासारखा.

तळाशी पोचल्यावर बिट्टी थांबली. तिने हाताचा पंजा पालथा करून हलवला, काहीतरी बिघडलंय, अशी खूण. मग छातीवर हात ठेवला. चावीबाईने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मास्कच्या काचेमागे ते मोठे झाले होते.

चावीबाईने लेकीच्या जॅकेटला लटकणारा काटा उचलून समोर धरला. लेकीने श्वास घेतला. काटा धपकन खाली आला. लेकीने श्वास सोडला. काटा हळूहळू पुन्हा वर चढला. पुन्हा श्वास, पुन्हा धपकन.

ऑक्सिजनच्या खोलीत हा नाच तिने नवशिक्यांना शेकडो वेळा शिकवला होता. काटा खालीच राहिला तर सिलिंडर रिकामं. काटा पडून परत चढला तर सिलिंडर भरलेलं आहे, पण व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. कोणीतरी जवळजवळ बंद ठेवलाय.

कोणीतरी.

तेव्हा तिला कळलं. खोलीत ती नेहमी सिलिंडरच्या समोर उभी असायची. बोटीवर तिने हात मागून, उलट्या बाजूने घातला होता. उघडायची म्हणून जी दिशा धरली ती बंद करायची होती. नॉब एवढा फिरला, कारण तो पूर्ण उघडा होता. लेकीने अगदी नीट तपासलेला होता. तिने तो बंद केला होता, आणि मग पाव फेरा मागे. तेवढ्या पाव फेऱ्यावर तिची पोर बारा मीटर खाली आली होती.

हात नॉबकडे निघालाच. आणि अर्ध्यात थांबला. आत्ता कुठली दिशा? ती लेकीच्या समोर होती, नॉब लेकीच्या पाठीमागे, आणि डोक्यात सगळ्या दिशांचा काला झालेला. एकतीस वर्षं जो हात चुकला नाही, त्याच्यावर तिचा आत्ता काडीचा विश्वास नव्हता. उलटा फिरवला तर संपलंच.

आधी श्वास. तिने श्वास घेतला. मग विचार. तिच्या छातीवर पिवळी नळी होती, जोडीदारासाठी ठेवलेली, तिच्याच सिलिंडरला जोडलेली. तलावात दहा वेळा केलेलं. मग हात. तिने नळी ओढून काढली आणि लेकीच्या तोंडासमोर धरली. बिट्टीने आपली नळी काढली, पिवळी तोंडात घेतली, फुंकली, आणि श्वास घेतला. एक. दुसरा. बुडबुडे भसाभसा वर गेले. चावीबाईने एका हाताने लेकीचा पट्टा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठीने लेकीच्या सिलिंडरवर ठकठक केलं. ठकठक. ठकठक.

मास्तर वळले. दोन फटक्यांत आले. त्यांनी काटा पाहिला, लेकीच्या मागे गेले, नॉब फिरवला. खूप फिरवला. चावीबाई ते फेरे मोजत होती आणि प्रत्येक फेरा तिच्या काळजात वळत होता. मग त्यांनी सगळ्यांना वर जायची खूण केली. अंगठा वर.

वर येताना मायलेकी समोरासमोर होत्या, एकाच सिलिंडरवर, एकमेकींचे पट्टे धरून. ही पोर पोटात होती तेव्हाही आपण अशाच, असं काहीतरी चावीबाईच्या मनात येऊन गेलं आणि आत्ता कोण कोणाच्या पोटात आहे याचाही घोळ झाला. वर आल्यावर डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा तिला कळलं की तिच्या मास्कमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी होतं. केव्हा शिरलं, तिला पत्ताच नव्हता.

बोटीवर मास्तरांनी सिलिंडर उतरवून घेतलं. "हा नॉब कोणी फिरवला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सावकाशपणा गेला होता. त्यांनी बोटवाल्याकडे पाहिलं. सिलिंडरं भरून आणायचं, लावून द्यायचं काम त्याचंच.

"मी उघडून दिला होता, मास्तर. पूर्ण," बोटवाला म्हणाला. "वीस वर्षं देतोय." त्याचा हात दोरीवर तसाच राहिला होता.

"मग तो आपोआप बंद झाला?"

चावीबाईने टॉवेल तोंडाला लावला होता. टॉवेलच्या आत अंधार होता आणि तिथे राहणं फार सोपं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. तिने लेकीला हवा दिली होती, सगळ्यांनी तेवढंच पाहिलं होतं. लेक तिची जोडीदार राहणार होती.

तेवढ्यात बिट्टी म्हणाली, "बोटवाल्या काकांना काही बोलू नका. मी स्वतः तपासला होता. उघडा आहे, असं मीच मोठ्याने म्हणाले." ती आपल्या हाताकडे बघत होती. "माझंच चुकलं असणार. मला वाटलं पूर्ण उघडलाय, पण नसेल. मला कळलंच नसेल."

चावीबाईने टॉवेल खाली घेतला. पुढच्या महिन्यापासून ही पोर खांबाला हात लावून 'ठीक आहे' असं लिहिणार होती. आणि आज, इथे, त्या हातावरचा तिचा विश्वास उडत होता. आज उडाला की मग ती प्रत्येक नॉब तीनदा बघणार. अर्ध्या वाटेवरून टॅक्सी मागे फिरवणार. चावीबाईला ते आयुष्य चांगलं ठाऊक होतं.

"तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "तू तपासलास तेव्हा तो पूर्ण उघडाच होता. नंतर मी हात लावला. मी बंद केला."

इंजिन बंद होतं. बोटीवर पाणी आपटल्याचा आवाज येत होता. चावीबाईने सगळं सांगितलं, मागून हात कसा घातला, नॉब कसा फिरला, पाव फेरा मागे कसा घेतला. सांगताना ती बोटवाल्याकडे बघून म्हणाली, "दादा, माफ करा." बोटवाल्याने मान हलवली आणि दोरी गुंडाळायला लागला. त्या दिवसाची दुसरी बुडी मास्तरांनी उद्यावर ढकलली.

बिट्टी बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. कोर्सपुरत्या भाड्याने घेतलेल्या खोलीवर ती आईच्या पुढे चालत आली. तिने ओले कपडे पिळले, वाळत टाकले, चिमटे लावले. मग आईकडे पाठ करूनच म्हणाली, "उद्या मी डॉक्टरांबरोबर जाते, आई."

"हो," चावीबाई म्हणाली. "अट होती."

नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं. तो नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद करेल म्हणून ती थांबली. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "पोर बरी आहे ना?" आणि थोड्या वेळाने, "आणि तू?" यावर तिला रडू आलं.

मास्तरांना वाटलं होतं ती सकाळी येणारच नाही. ती सगळ्यांच्या आधी शेडमध्ये हजर होती. "मला पास करू नका," ती म्हणाली. "पण शेवटची बुडी मारू द्या."

मास्तरांनी वही उघडली. "काल तुमच्या हाताने एक गोष्ट केली, त्यासाठी मी माणसाला घरी पाठवतो. त्याच हाताने खाली दुसरी गोष्ट केली, ती मला पाच-पाच वर्षं शिकलेल्यांकडूनही बघायला मिळत नाही. मी दोन्ही लिहिली आहेत. आज तुम्ही माझ्याबरोबर. बोटीवर हात मांडीखाली."

महिन्याभराने तिचं कार्ड पोस्टाने आलं. फोटोत तिच्या कपाळावर मास्कचा लाल वळ आहे आणि चेहरा असा, जणू आत्ताच कोणीतरी दाराची घंटी वाजवून पळून गेलंय. नवऱ्याने ते कपाटाच्या काचेत लावलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. पण त्या सकाळी कार्डाची गोष्ट कोणाच्या मनात नव्हती.

त्या सकाळी ती बोटीवर खरोखरच हात मांडीखाली घेऊन बसली होती. समोरच्या बाकावर बिट्टी आणि डॉक्टर एकमेकांचं सामान तपासत होते. डॉक्टर घाबरलेले, त्यांची बोटं पट्ट्यावर घसरत होती. लेकीचा नॉब त्यांनी हलवून पाहिला की नुसता हात लावला? चावीबाईला इथून दिसलं नाही. मांडीखाली तिचे हात दुखायला लागले. ती उठली नाही. काही विचारलंही नाही. घशाशी आलेले सगळे प्रश्न तिने एक-एक करून गिळले, आणि आयुष्यात इतकं अवघड काम तिने कधी केलं नव्हतं.

बोया आला. इंजिन थांबलं. डॉक्टर काठावर जाऊन बसले, बिट्टी उठली, आणि पायांतल्या पंखांवर फताक-फताक करत उलट्या दिशेने, आईकडे आली.

"आई, तुझ्या नॉबला हात लावू?"

चावीबाईने वर पाहिलं. "मास्तरांनी तपासलाय."

"माहितीये. लावू का?"

"लाव."

लेकीने मागे जाऊन नॉब धरला, उघडायच्या दिशेने दाबून पाहिला. तो जागचा हलला नाही. "उघडा आहे," ती मोठ्याने म्हणाली आणि फताक-फताक करत काठाकडे गेली. डॉक्टरांशेजारी बसली. मास्क डोळ्यांवर घेतला. मास्तरांनी हात वर केला, तीन, दोन.

"थांबा, एक मिनिट," बिट्टी म्हणाली. मास्क कपाळावर चढवून ती पुन्हा उठली, पुन्हा आईपर्यंत आली. तिचं नाक लाल झालं होतं. "लावू?"

डॉक्टर वळून बघत होते. बोटवाल्याने मान दुसरीकडे केली.

एकदा तपासलं की परत हात लावायचा नाही, हे चावीबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने मान खाली घातली आणि पाठ लेकीकडे केली.

"लाव, बाळा," ती म्हणाली.